लॉंग वीकेंडला भूतान: फोनवर बेत आखताना किलोमीटर नाही, उंची आणि तास मोजा



गुरुवारी सरकारी सुट्टी आली की आपल्यातले बरेच जण लगेच कॅलेंडर उघडतात. शुक्रवार आणि सोमवारची रजा टाकली की सलग पाच दिवस हातात! आमच्या घरी असेच पाच दिवस जमून आले आणि आई म्हणाली, "गुडघे चालतायत तोवर एकदा मोठे डोंगर दाखव." आई अडुसष्ट वर्षांची. तिच्या डोक्यात एक जागा पक्की होती. कड्याला चिकटलेला तो भूतानचा मठ, म्हणजे पारो तक्त्सांग. आपल्याकडे लोक त्याला 'टायगर्स नेस्ट' म्हणतात.

मी तंत्रज्ञानावर लिहिणारा माणूस, त्यामुळे पहिलं काम काय केलं असेल? एका एआय चॅटबॉटला सांगितलं, 'पाच दिवसांत भूतान, आई सोबत आहे, प्लॅन दे.' दहा सेकंदांत देखणा प्लॅन आला. पारो, थिम्पू, पुनाखा आणि शिवाय बुमथांग. वाचायला झकास होता. नंतर नकाशावर ताडून पाहिलं तर थिम्पूहून बुमथांग म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या पुढे, सगळा घाटरस्ता. एका बाजूचा पूर्ण दिवस गाडीत आणि परत यायला तेवढाच. पाचपैकी दोन दिवस आई खिडकीला डोकं टेकून बसली असती.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. फोनला किलोमीटर कळतात. डोंगराळ देशात प्रवास मात्र उंचीने आणि तासांनी मोजायचा असतो. या लेखात मी आमचा बेत कसा आखला, फोन आणि अ‍ॅप्स कुठे कामाला आली, कुठे फसवत होती आणि तुम्ही काय काळजी घ्यायची, ते एकेक करून सांगतो.

आधी देश समजून घ्या

भूतानचं क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक अष्टमांश. हा आकडा वाचून 'छोटा देश आहे, पाच दिवसांत सगळा होईल' असं वाटतं. पण जमीन सपाट नाही ना! दक्षिणेला बंगाल आणि आसामला लागून असलेला भाग समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर आहे आणि उत्तरेला सात हजार मीटरच्या वरची शिखरं आहेत.

आपल्या मापाने सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. पारोचा विमानतळ सुमारे २,२३५ मीटरवर आहे. म्हणजे विमानाच्या शिडीवरून पहिलं पाऊल खाली ठेवता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या जवळपास सहाशे मीटर वर असता.

दुसरी गोष्ट, रस्त्याचं अंतर. थिम्पू ते पुनाखा हे सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम २५ किलोमीटर आहे. रस्त्याने तेच अंतर साधारण ७५ किलोमीटर होतं आणि अडीच ते तीन तास लागतात. कारण थिम्पू सुमारे २,३०० मीटरवर, मधली दोचुला खिंड सुमारे ३,१०० मीटरवर आणि पुनाखा साधारण १,२०० मीटरवर. आठशे मीटर चढायचं आणि मग जवळपास १,९०० मीटर उतरायचं. परत येताना उलटं.

बेत आखायची माझी साधी शीट

मी फोनवर एक साधी स्प्रेडशीट केली. त्यात रकाने पाच: दिवस, ठिकाण, उंची, गाडीतले तास आणि 'मोकळे तास'. किलोमीटरचा रकाना मुद्दाम ठेवलाच नाही. शेवटी आमचा बेत असा झाला:

पहिला दिवस (गुरुवार): सकाळच्या विमानाने पारो, तिथून थिम्पू. साधारण ५० किमी, दीड तास. त्या दिवशी दुसरं काही नाही, फक्त आराम आणि संध्याकाळी बाजारात एक चक्कर.

दुसरा दिवस: थिम्पू, दोचुला, पुनाखा आणि परत थिम्पू. गाडीत पाच ते सहा तास. दोचुलाला १०८ चोर्तेन म्हणजे छोटे स्तूप आहेत. पुनाखाचा जोंग सतराव्या शतकातला असून फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे.

तिसरा दिवस: सकाळी थिम्पूतला बुद्ध दोर्देन्माचा भव्य पुतळा, दुपारी पारोला मुक्काम हलवायचा. गाडीत दोन तास.

चौथा दिवस: तक्त्सांग. गाडी नाममात्र, पायपीट भरपूर.

पाचवा दिवस (सोमवार): सकाळचं विमान. बाकी काहीही नाही.

क्रम असा का? दोन कारणं. एक, सर्वांत चढाचा दिवस शेवटी ठेवला की शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तीन रात्री मिळतात. दोन, शेवटची रात्र विमानतळाच्या गावातच झाली पाहिजे. दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी विमान चुकत नाही.

एआयचा उपयोग नाही असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्याकडून ठिकाणांची यादी घ्या, वेळापत्रक घेऊ नका. वेळापत्रक तुम्ही स्वतः उंची आणि तास टाकून तपासा.

परमिट आणि नाव: इथे आमची सहल अडली होती

भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परमिट लागतं आणि त्याचा अर्ज भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर आधी ऑनलाइन करता येतो. ओळख म्हणून दोनच गोष्टी चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. लहान मुलांकडे पासपोर्ट नसेल तर जन्म दाखला लागतो.

आईच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती, म्हणून मतदार ओळखपत्रावर जायचं ठरलं. मी तिकिटं काढली. अ‍ॅपमध्ये आईचं नाव आधीच सेव्ह होतं, एक टिचकी मारली आणि झालं. चार दिवसांनी परमिटचा अर्ज भरताना ओळखपत्र हातात घेतलं आणि पोटात गोळा आला. तिकिटावर आधारवरचं नाव होतं, सासरचं आडनाव असलेलं. मतदार ओळखपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगळं आणि मधलं नाव गायब. चूक कोणाची? माझी. ऑटोफिलवर विश्वास ठेवला आणि ताडून पाहिलं नाही. सुदैवाने हातात दिवस होते, म्हणून तिकिटावरचं नाव दुरुस्त करून घेता आलं. हेच विमानतळावर कळलं असतं तर आई घरी आणि आम्हीही घरी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी ज्या ओळखपत्रावर जाणार ते हातात घ्या, त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तिकिटावर टाका आणि मग तेच परमिटच्या अर्जात टाका. फोनमधली प्रत सोयीची असते, पण मूळ ओळखपत्र सोबत हवंच. परमिट मिळालं की त्याची पीडीएफ प्रत्येकाच्या फोनमध्ये ऑफलाइन ठेवा आणि कागदावर दोन प्रती काढा. कागदाची बॅटरी संपत नाही.

आणखी एक. पारो आणि थिम्पूच्या बाहेर, म्हणजे पुनाखासारख्या ठिकाणी जायचं असेल तर ते अर्ज करतानाच किंवा टूरवाल्याशी बोलतानाच सांगा. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवारी बंद असतात आणि आपली सहल असते नेमकी शनिवार-रविवारी.

खर्चाचा एक आकडा आधी समजून घ्या

भूतान पर्यटकांकडून 'शाश्वत विकास शुल्क' घेतं. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांसाठी ते माणशी प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहा वर्षांखालच्यांना माफ. लक्षात घ्या, हिशेब दिवसांचा नाही, रात्रींचा आहे.

आमचं उदाहरण: मी, बायको आणि आई असे तीन मोठे, आणि नऊ वर्षांची लेक. एका रात्रीचे ३,६०० अधिक ६०० म्हणजे ४,२०० रुपये. चार रात्रींचे १६,८०० रुपये. यात हॉटेल, गाडी, जेवण काहीच नाही. बऱ्याच पॅकेजच्या जाहिरातींत हे शुल्क धरलेलं नसतं, तेव्हा 'रात्रीचं शुल्क यात आहे का?' हा प्रश्न पहिला विचारा. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर चालू दर पाहून घ्या.

पैसे: यूपीआय, रुपे आणि नोटा

भूतानचं चलन न्गुल्त्रुम. एक न्गुल्त्रुम बरोबर एक रुपया, त्यामुळे डोक्यात गणित करावं लागत नाही. भारतीय नोटाही सर्रास घेतात. आपल्या यूपीआयच्या धर्तीवर क्यूआर कोड स्वीकारणारा पहिला देश भूतानच, जुलै २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली. रुपे कार्डही तिथे चालतं.

आता अडचणी ऐका.

पहिली: यूपीआय परदेशात आपोआप चालत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, तो ठराविक मुदतीसाठी चालू करावा लागतो. तुमची बँक ही सोय देते का, हे घरूनच तपासा.

दुसरी: दुकानात क्यूआर दिसला म्हणजे तो यूपीआयला चालेलच असं नाही. तिथल्या बँकांची स्वतःची अ‍ॅप्स आहेत आणि स्थानिक लोक तीच वापरतात. आधी विचारा, मग स्कॅन करा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: यूपीआय अ‍ॅप तुमच्या फोनमधल्या सिमशी जोडलेलं असतं. परदेशात पोचल्यावर भारतीय सिम काढून खिशात टाकलं आणि तिथे स्थानिक सिम घातलं, तर अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागू शकतं. ती नोंदणी होते तुमच्या भारतीय नंबरवरून एसएमएस पाठवून. सिम खिशात, मग एसएमएस कसा जाणार? म्हणून भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. स्थानिक सिम दुसऱ्या खाचेत घाला किंवा दुसऱ्या फोनमध्ये. आम्ही बायकोच्या फोनमध्ये स्थानिक सिम घातलं आणि हॉटस्पॉटवर बाकीच्यांनी काम चालवलं. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून ठेवा, म्हणजे बँकेचा ओटीपी येतो. त्याच सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल.

एवढं सगळं करूनही शंभराच्या नोटांचं एक पुडकं जवळ ठेवाच. घोडेवाला, चहाची टपरी, देवळाची पेटी, सगळीकडे तेच कामाला येतं. उरलेले न्गुल्त्रुम मात्र तिथेच संपवा, भारतात ते चालत नाहीत.

नकाशा: नेटवर्क नसताना जीपीएस चालतं का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर: हो, चालतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे रेडिओ संदेश ऐकतो आणि किमान चार उपग्रह दिसले की स्वतःची जागा काढतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला.

मग नेटवर्क नसताना निळा ठिपका यायला वेळ का लागतो? नेटवर्क असताना 'कोणता उपग्रह कुठे आहे' ही माहिती फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. नेटवर्क नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते आणि जीपीएसचा हा संदेश सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाची कक्षेची माहिती पूर्ण यायला अर्धा मिनिट लागतो. त्यात अरुंद दरी असेल तर दोन्हीकडचे डोंगर आकाश झाकतात, उपग्रह कमी दिसतात आणि संदेश कड्यांवर आपटून येतात. म्हणून ठिपका नदीच्या पलीकडे उडी मारतो. घाबरू नका. मोकळ्या जागी दोन मिनिटं थांबा.

निघण्यापूर्वी वायफायवर हे करा:

गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि पारो, थिम्पू, पुनाखा हा चौकोन उतरवून घ्या.

लक्षात ठेवा, ऑफलाइन असताना गूगल मॅप्स गाडीचा रस्ता दाखवतं, पायवाटेचा मार्ग सांगत नाही. पायवाटेसाठी ऑरगॅनिक मॅप्ससारखं अ‍ॅप घ्या. ते ओपन स्ट्रीट मॅपच्या माहितीवर चालतं, त्यात डोंगरवाटा आणि उंचीच्या रेषा असतात.

हॉटेल, विमानतळ, दवाखाना आणि तक्त्सांगचा पायथा यांच्या खुणा आधीच सेव्ह करा.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून घरातच हे सगळं उघडतंय का, ते पाहा. ही चाचणी बहुतेक लोक करत नाहीत आणि मग तिथे जाऊन कपाळाला हात लावतात.

अर्धा तास: छोटी गोष्ट, मोठा घोटाळा

भूतानचं घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे आहे. फोन हे स्वतःहून बदलतो ना? बदलतो, पण तिथल्या नेटवर्कने वेळ सांगितली तर. बॅटरी वाचवायला मी माझा फोन पहिल्या दिवशी एअरप्लेन मोडवरच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवाला सहाला येणार होता. माझ्या फोनवर साडेपाच वाजले होते, मी निवांत दाढी करत होतो आणि खाली हॉर्न वाजला. माझा फोन अजून पुण्याच्याच वेळेवर होता.

गाडीवाला थांबला, विमान थांबलं नसतं. म्हणून पोचल्याबरोबर वेळ तपासा, बदलली नसेल तर हाताने बदला.

कॅलेंडरमध्ये आणखी एक सापळा आहे. परतीचं विमान ९ चं आहे, तिकिटावर ती वेळ भूतानची आहे. तुम्ही भारतात बसून कॅलेंडरमध्ये '९:००' टाकलंत तर अ‍ॅप ती भारतीय वेळ समजतं आणि भूतानमध्ये तीच नोंद ९:३० ची दिसते. विमान गेलेलं असेल आणि फोन म्हणेल अजून अर्धा तास आहे! नोंद करताना 'टाइम झोन'मध्ये थिम्पू निवडा.

ज्यांना रस्त्याने जायचंय त्यांनी तर जास्तच जपा. फुंत्शोलिंग आणि आपल्याकडचं जयगाव ही गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. तिथे फोन सीमेपलीकडचा टॉवर पकडू शकतो, म्हणजे चालता चालता वेळही बदलू शकते.

विमान: पारोचं गणित वेगळं आहे

पारोच्या विमानतळाला चहूबाजूंनी डोंगर आहेत. इथे यंत्रांच्या भरवशावर ढगांतून उतरता येत नाही. वैमानिकाला दरी डोळ्यांनी दिसावी लागते, आणि हे करायची खास परवानगी असलेले वैमानिकही मोजकेच. म्हणून उड्डाणं फक्त दिवसाउजेडी होतात. दुपारनंतर दरीत वारा जोर धरतो, त्यामुळे बरीचशी विमानं सकाळची असतात. ढग आले की थांबावं लागतं.

पुण्या-मुंबईहून बहुतेकांना दिल्ली, कोलकाता किंवा बागडोगरा मार्गे जावं लागतं. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. तिकीट बुडतं. तिकिटांची अ‍ॅप्स 'दीड तासाचं अंतर, स्वस्त पर्याय' असं दाखवतात, तो मोह टाळा. जाताना आम्ही आदल्या रात्री कोलकात्याला मुक्काम केला. येताना पारोचं विमान सकाळचं आणि कोलकाता-पुणे रात्रीचं घेतलं. बायको म्हणाली, "आठ तास विमानतळावर काय करायचं?"

सोमवारी सकाळी पारोत ढग उतरले. विमान चार तास उशिरा सुटलं. कोलकात्याला पोचून आम्ही डाळभात खाल्ला आणि रात्रीचं विमान पकडलं. आमच्यासोबतच्या एका कुटुंबाचं दुपारचं विमान मात्र गेलं होतं.

दिल्लीहून थेट पारोला जाणार असाल तर जाताना डावीकडची खिडकी निवडा. हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्टची रांग दिसते.

हवामान आणि बॅटरी

हवामानाचं अ‍ॅप 'पारो' म्हणून जो आकडा दाखवतं, तो दरीतला. वर गेलं की दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुनाखा आणि दोचुला यांच्यात जवळपास १,९०० मीटरचा फरक, म्हणजे एकाच दुपारी बारा अंशांचा फरक पडू शकतो. पुनाखात आपण घामाघूम आणि दोन तासांनी खिंडीत कुडकुडत! स्वेटर डिकीत नको, मांडीवर ठेवा. मार्च ते मे आणि सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी.

बॅटरी डोंगरात लवकर संपते. थंडीत लिथियम बॅटरी कमी वीज देते. शिवाय नेटवर्क क्षीण असेल तर फोन टॉवर शोधायला जास्त ताकद लावतो. गाडीत असताना एअरप्लेन मोड ठेवा, जीपीएस तरीही चालतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांची मर्यादा असते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० गुणिले ३.७, अर्थात ७४ वॅट-तास, ती चालते.

तक्त्सांगचा दिवस

मठ सुमारे ३,१२० मीटरवर आहे. १९९८ च्या आगीत तो बराच जळाला होता, नंतर पुन्हा बांधला. पायथ्यापासून चढ साधारण पाचशे मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढलेल्यांना अंदाज येईल. पण इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, त्यामुळे तोच चढ जड जातो. जाऊन-येऊन चार-पाच तास धरा.

मी उंचीच्या रेषा घरीच पाहिल्या होत्या. त्यात दिसलं की अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे, तिथून मठ समोर दिसतो आणि तिथवर घोडा जातो. पुढे मात्र शेकडो पायऱ्या, आधी खाली आणि मग वर. घोडा उतरताना मिळत नाही, उतार पायीच. म्हणून आईला पुण्यातच सांगितलं, "तू तिथपर्यंतच यायचंस." तिचा चेहरा पडला. दोन दिवस नीट बोलली नाही माझ्याशी.

त्या दिवशी ती घोड्यावरून वर आली, गरम चहा घेतला आणि समोर बघत बसली. ढग बाजूला झाला आणि पांढऱ्या भिंती, सोनेरी छपरं कड्यावर उघडी पडली. बायको आणि लेक पुढे गेल्या, मी आईजवळ थांबलो. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?" ती म्हणाली, "इथून सगळं दिसतंय. आत गेले असते तर फक्त आतलं दिसलं असतं." काठी टेकत, दर वळणावर थांबत ती दोन तासांत उतरली. संध्याकाळी गुडघे सुजले होते, पण दुसऱ्या दिवशी चालत विमानात चढली. आग्रहाने वर नेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

मठाच्या आत फोन आणि कॅमेरा नेता येत नाही, बाहेर ठेवावा लागतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर सुरू झाली तर मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजन किती दाखवतं याची वाट पाहू नका, खाली उतरा. ते घड्याळ डॉक्टर नव्हे. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: भाषेची अडचण येते का?
राष्ट्रभाषा जोंगखा आहे, पण शाळा इंग्रजीतून चालतात आणि हिंदी बऱ्याच जणांना समजते. आमचं हिंदीवर छान भागलं.

प्रश्न: इंटरनेट कसं आहे?
भूतानमध्ये दूरदर्शन आणि इंटरनेट दोन्ही आलं १९९९ मध्ये. आज थिम्पू-पारोत फोरजी चांगलं चालतं, घाटात ये-जा करतं. पर्यटकांचं सिम पारो विमानतळावरही मिळतं.

प्रश्न: आपले चार्जर चालतात का?
वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. आपले गोल पिनांचे प्लग बऱ्याच ठिकाणी बसतात, तरी एक युनिव्हर्सल अ‍ॅडाप्टर ठेवा.

प्रश्न: ड्रोन नेऊ का?
परवानगीशिवाय उडवता येत नाही. पाच दिवसांच्या सहलीत घरीच ठेवा.

निघायच्या आदल्या रात्रीची यादी

मूळ ओळखपत्र आणि त्याच्याशी जुळणारं तिकीट. परमिटच्या दोन कागदी प्रती. ऑफलाइन नकाशे, एअरप्लेन मोडवर तपासलेले. भारतीय सिमवर रोमिंग सुरू, डेटा रोमिंग बंद. यूपीआय इंटरनॅशनल सुरू. शंभराच्या नोटा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. परतीची नोंद थिम्पूच्या वेळेने. आणि शीटमध्ये शेवटचा दिवस रिकामा.

या यादीतलं काहीच महाग नाही आणि सगळं मिळून एका संध्याकाळचं काम आहे. तुमच्यासोबत घरातलं वडीलधारं माणूस येणार असेल तर त्यांना शेजारी बसवून ती शीट दाखवा. कुठे किती चढ आहे, कुठे थांबायचं, हे आधी कळलं की त्यांचाही जीव निवांत राहतो आणि तुमचाही. प्रवासाला शुभेच्छा!